आमच्या दगडी घरातला एसी १२०० राउटर, आठ महिने वापरून

चार स्टार. पाचवा का नाही ते खाली येतंच. पण पहिल्या पंधरा दिवसांत लिहायला बसले असते तर एकच दिला असता, तोही शून्य द्यायची सोय नाही म्हणून. आणि तो या बिचाऱ्या डब्यावर अन्याय झाला असता, कारण ज्या ज्या गोष्टीसाठी मी याला शिव्या घातल्या त्यातल्या बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या निघाल्या. काही वायरीच्या, काही भिंतीच्या, एक इन्व्हर्टरची आणि एक चक्क माझी.

आधी घराचं सांगते नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. साताऱ्यातल्या पेठेतलं जुनं घर आहे, पुढच्या दोन खोल्या काळ्या दगडाच्या, भिंत हातभर जाड, खिडकीत माणूस मांडी घालून बसतो एवढी. मागचा भाग नंतर बांधलेला, विटा आणि स्लॅब. फायबर पुढच्या बाजूनं आत येतं आणि माझं ऑफिसचं टेबल एकदम मागच्या खोलीत. कंपनी पुण्याची, काम घरून, दिवसाला चार मीटिंगा. शिवाय नानांना म्हणजे सासऱ्यांना टीव्हीवर मॅच लागते, आईंना फोनवर मालिका, आणि लेकाला काय लागतं ते न सांगितलेलं बरं. प्लॅन २०० एमबीपीएसचा. इंटरनेटवाल्यानं फुकट दिलेल्या पांढऱ्या डब्यालाच वायफाय होतं पण ते फक्त २.४ वालं, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यावर चालणारं, मागच्या खोलीत पोचेपर्यंत त्याचा जीव जायचा. म्हणून हा घेतला, ड्युअल बँड म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही पट्टे, सगळे पोर्ट गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएसचे, तेवीसशे रुपयांत.

एसी १२०० या आकड्याला कुणी भुलू नका हं. ५ गिगाहर्ट्झचे ८६७ आणि २.४ चे ३०० अशी बेरीज करून तो गोल केलेला असतो, एका फोनला एका वेळी एकच बँड मिळतो आणि तिथंही कागदावरचा आकडा हातात कधीच येत नाही. आमच्या २०० च्या प्लॅनला एवढं पुष्कळ झालं, म्हणून मी महागातला बघितलाच नाही.

पहिल्या दिवशी खोका उघडला, पांढऱ्या डब्यातनं एक वायर काढून याच्या निळ्या पोर्टात घातली, फोनवरचं ॲप सांगेल तसं पुढं पुढं करत गेले, दहा मिनिटांत नेट चालू. मी खूश. संध्याकाळी नाना म्हणाले फोनवरचं टीव्हीवर जात नाहीये. प्रिंटरही लॅपटॉपला सापडेना. झालं असं होतं की पांढऱ्या डब्याचं वायफाय मी बंदच केलं नव्हतं, टीव्ही आणि प्रिंटर जुन्या नावाला चिकटलेले, फोन आणि लॅपटॉप नव्या नावाला, आणि दोन्ही डबे आपापले आयपी पत्ते वाटत बसलेले, एक १९२.१६८.१ वाले, दुसरा १९२.१६८.० वाले. एका घरात दोन चुली म्हणा ना. नेट दोन्हीकडं चालतं त्यामुळं पटकन संशयच येत नाही, पण एकमेकांना कुणी दिसत नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे नव्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकायचं, म्हणजे पत्ते वाटायचं काम जुन्याकडंच राहतं आणि हा फक्त वायफाय देतो. ज्यांना कटकट नको त्यांनी हेच करा, सेटिंगमध्ये ऑपरेशन मोड म्हणून असतं. मला मात्र मुलासाठी रात्री दहाला नेट बंद करायचं होतं, ते या राउटरच्या पॅरेंटल कंट्रोलमध्ये छान आहे, आणि आमच्याकडं ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ते दिसेनासं झालं. मग दुसरा मार्ग, पांढरा डबा ब्रिज करायचा, म्हणजे तो नेट नुसतं पुढं पाठवतो, आणि पीपीपीओईचं म्हणजे कनेक्शनच्या लॉगिनचं युजरनेम पासवर्ड या राउटरमध्ये भरायचं. ते ऑपरेटरकडं मागितलं तर फोनवरचा मुलगा म्हणतो, “वहिनी, पासवर्ड देता येत नाय, आम्हीच येऊन टाकतो.” म्हटलं दादा, पैसे आम्ही भरतो, कनेक्शन आमच्या नावावर, द्या की. तीन फोन झाल्यावर व्हॉट्सॲपवर आला. भरला, तरी ऑथेंटिकेशन फेल. दोनदा टाकला, कॅपिटल स्मॉल तपासलं, तरी तेच. शेवटी कळलं की त्यांच्याकडं आमचा अकाउंट पांढऱ्या डब्याच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे त्या यंत्राच्या ओळख नंबराला, बांधून ठेवलेला. म्हणजे पासवर्ड बरोबर असला तरी डबा ओळखीचा नाही म्हणून दारातच अडवणार. त्यांनी बाइंडिंग काढलं आणि मिनिटात जोडलं गेलं. ते काढायला तयार नसतील तर राउटरमध्ये मॅक क्लोन असतं, तिथं जुन्या डब्याचा मॅक लिहिला की बहुतेक वेळा चालतं. या सगळ्यात राउटरची चूक काय? काहीच नाही, पण शिव्या त्यानंच खाल्ल्या.

आता खरी गंमत. प्लॅन २००, राउटर गिगाबिट, लॅपटॉप गिगाबिट, आणि स्पीड टेस्ट ९४. सकाळी ९४, दुपारी ९३, रात्री बारा वाजता परत ९४. मी वायफायच्या मागं लागले, चॅनल बदल, अँटेना उभा कर आडवा कर, राउटर टेबलावरून कपाटावर. नवरा म्हणाला डबाच खराब आहे परत करून टाक. परत करायची मुदत संपायला दोन दिवस होते आणि खोका पॅकही करून ठेवला होता.

रात्री मीटिंग संपल्यावर सहज लॅपटॉपला वायर लावून बघितलं, तरी ९४. तेव्हा डोक्यात आलं की वायफाय कधी एवढं शिस्तीत वागत नाही, ते ६० दाखवेल, १३० दाखवेल, कुणी दार लावलं तर कमी दाखवेल. रोज एकाच आकड्यावर अडतंय म्हणजे कुठंतरी १०० चा दरवाजा आहे, आणि त्यातले पाच सहा वाहतुकीच्या खर्चातच जातात. मग एक एक वायर तपासली. राउटरबरोबर आलेली छोटी वायर घेऊन लॅपटॉप थेट पांढऱ्या डब्याला जोडला तर विंडोजच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड १०००/१०००. पुढच्या खोलीतून मागं राउटरपर्यंत आणलेली लांब वायर जोडली तर १००/१००. चोर सापडला.

ती लांब वायर इंटरनेटवाल्याच्या मुलानं जागेवर क्रिम्प करून, म्हणजे टोकं दाबून बसवून, दिलेली. टोकाचा प्लॅस्टिकचा प्लग, आरजे ४५ म्हणतात तो, उजेडात धरून बघा, आरपार दिसतो, आत आठ तारा शेजारी शेजारी दिसायला हव्यात. आमच्यात चारच होत्या, नारिंगीची जोडी आणि हिरवीची जोडी. निळी आणि तपकिरी मागं दुमडून कव्हरात कोंबलेली. १०० च्या स्पीडला १, २, ३ आणि ६ एवढ्या चारच पिना लागतात, त्यामुळं तेवढ्यात काम भागायचं आणि लोकांना ती सवय लागली, शिवाय चारच तारा लावल्या की वेळही वाचतो. पण गिगाबिटला आठच्या आठ तारा लागतात, त्या निळ्या तपकिरीतली एक जरी सुटली तरी दोन्ही बाजूचे डबे आपापसात ठरवून गुपचूप १०० वर उतरतात. लाईट लुकलुकते, नेट चालतं, कुठं काही लाल होत नाही. माणूस आयुष्यभर २०० चे पैसे भरून ९४ वापरू शकतो आणि त्याला कळणारही नाही.

तो मुलगा परत आला, आठ तारा घालून दोन्ही टोकं नवीन केली, मला म्हणाला “वहिनी, आधी कुणी सांगितलंच नाय तुमचा दोनशेचा आहे.” मी काही बोलले नाही, चहा दिला. स्पीड टेस्ट, २०६. खोका परत माळ्यावर.

ज्यांच्याकडं नवा राउटर लावूनही नव्वदच्या घरात अडकलंय त्यांनी दोन गोष्टी बघा, एक ही वायर आणि दुसरं म्हणजे राउटरचे पोर्ट गिगाबिट आहेत की फास्ट इथरनेट. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरांवर वायफायचा आकडा मोठा छापलेला असतो आणि मागचे पोर्ट मात्र १०० चे. फास्ट हे नाव ऐकून फसू नका, फास्ट म्हणजेच १००. मी घेतलेल्याचे पाचही गिगाबिट आहेत, यासाठी एक स्टार माझ्याकडून डोळे मिटून.

भिंतीचं म्हणाल तर तिथं राउटरही हात टेकतो आणि कुणीही टेकेल. ५ गिगाहर्ट्झ जवळ भन्नाट चालतं पण जाड भिंतीपलीकडं जात नाही. फोनवर वायफाय ॲनालायझरचं ॲप टाकून मी घरभर फिरले, सिग्नल उणे डीबीएममध्ये दिसतो, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. राउटरच्या खोलीत उणे ४५, विटांच्या भिंतीपलीकडं उणे ५८, दगडी भिंतीपलीकडं सरळ उणे ८१. उणे सत्तरच्या पलीकडं गेलं की व्हिडिओ कॉलमध्ये माणसं पुतळे होतात. म्हणून राउटर मागून काढून मधल्या खोलीत आणला, दोन्हीकडच्या दारांच्या रेषेत, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर भिंतीला ठोकला. आधी तो लोखंडी कपाटावर होता आणि आईंनी त्याला क्रोशाचा रुमाल घातला होता, फ्रिजवर घालतात तसा. रुमालानं सिग्नल अडत नाही पण डबा तापतो, आणि ते लोखंडी कपाट मात्र सिग्नल चांगलाच अडवायचं. रुमाल काढला तेव्हा आई दोन दिवस रुसल्या होत्या, आता तो मिक्सरवर आहे.

पुढच्या खोल्यांत आता २.४ वरच काम भागवतो, आणि त्या २.४ चा वेगळाच तमाशा. संध्याकाळी सात ते दहा नानांची मॅच अडकायची. ॲनालायझरमध्ये बघितलं तर आजूबाजूची चौदा वायफाय, पेठेत घरं भिंतीला भिंत लावून आहेत ना. २.४ ला आपल्याकडं चॅनल १ ते १३ पण ते एकमेकांवर चढलेले असतात, एकमेकांच्या पायात न येणारे तीनच, १, ६ आणि ११. आमचा राउटर ऑटोवर होता आणि त्यानं रुंदीही ४० मेगाहर्ट्झ धरलेली, म्हणजे गल्लीत आडवी गाडी लावल्यासारखं, ना आपल्याला धड जाता येतं ना दुसऱ्याला. मी रुंदी २० केली, चॅनल ११ वर पक्का केला कारण तिथं दोनच शेजारी होते. टेस्टमध्ये स्पीडचा आकडा थोडा उतरला पण अडकायचं थांबलं, आणि मॅच बघणाऱ्या माणसाला आकड्याशी काय देणंघेणं. मधले ३, ४, ८ असले चॅनल मोकळे दिसतात म्हणून टाकू नका, दोन्हीकडचा गोंगाट ऐकू येतो तिथं. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात काम करतो, पापड भाजताना आईंची मालिका थांबायची त्याचं कारण ते. आमच्यात कुणी मानत नव्हतं, शेवटी सगळ्यांसमोर पापड भाजून दाखवला.

हा राउटर आल्याआल्या दोन्ही बँडना एकच नाव देतो, स्मार्ट कनेक्ट म्हणतात त्याला, फोननं कुठला बँड धरायचा ते तोच ठरवतो. ऐकायला छान. पण देवघरातला स्मार्ट बल्ब जोडायचा तर त्याला फक्त २.४ कळतं, फोन ५ वर, ॲप गोल गोल फिरत बसतं. मी स्मार्ट कनेक्ट बंद करून दोन वेगळी नावं ठेवली, बल्ब लगेच लागला. नानांचा जुना फोन मात्र तरीही घेईना, पासवर्ड बरोबर टाकूनही चुकीचा म्हणायचा. ते माझं पाप. मी हौसेनं सिक्युरिटीमध्ये फक्त डब्ल्यूपीए ३ निवडलं होतं, जास्त नंबर म्हणजे जास्त चांगलं म्हणून, आणि तो फोन त्याच्या आधीचा. डब्ल्यूपीए २ आणि ३ मिळून असा पर्याय असतो तो ठेवला, सगळ्यांचं जमलं.

मग पावसाळ्यात रोज दोनदा नेट जायला लागलं, दीड दोन मिनिटं, परत यायचं. मला वाटलं आता राउटर गेला. नवरा म्हणाला मिनी यूपीएस मागवू, मी कार्टमध्ये टाकलापण, बारा व्होल्टचा. तेवढ्यात लक्षात आलं की नेट जातं ते लाईट जाते त्याच क्षणी, आणि घरात तर इन्व्हर्टर आहे. इन्व्हर्टरला लाईटवरून बॅटरीवर यायला जो क्षण लागतो तेवढ्यात पंखा थांबत नाही पण राउटर बंद होऊन परत चालू होतो, आणि चालू होऊन पीपीपीओई जोडेपर्यंत दीड दोन मिनिटं जातात. इन्व्हर्टरच्या मागं बघितलं तर एक बारीक स्विच, त्यावर यूपीएस आणि दुसरीकडं इको असं लिहिलेलं. बसवून गेलेल्यानं तो इकोवर ठेवलेला, कुणी कधी बघितलंच नाही. यूपीएसवर केला, बदल चटकन होतो आणि राउटर ढिम्म हलत नाही. कार्ट रिकामी केली. ज्यांच्याकडं इन्व्हर्टर नाही त्यांनी मिनी यूपीएस जरूर घ्या, फक्त ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही वाचून घ्या आणि पांढऱ्या डब्यालाही त्यावरच जोडा, तो बंद पडला तर एकट्या राउटरला लाईट देऊन काय उपयोग.

ऑगस्टमध्ये एकदा दोन दिवस नेट नव्हतं, तेव्हा मात्र मी शहाणी झाले होते. पांढऱ्या डब्यावर एलओएस नावाची लाईट लाल लागली की फायबरमधून उजेडच येत नाहीये, तुम्ही राउटर वीसदा बंद चालू करा, काही होत नाही. आमच्या गल्लीत माकडांनी खांबावरची केबल ओढली होती. कस्टमर केअरवरची बाई मात्र तरीही रिसेट करा म्हणत होती.

या रिसेटवरून पाचव्या स्टारचं सांगते. या राउटरला डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून वायफाय जोडायची सोय, आणि रिसेट एकाच बटणावर दिलंय. जरासं दाबलं तर डब्ल्यूपीएस, दाबून धरलं तर सगळं साफ. आता डब्ल्यूपीएस वापरायला लेकानं ते बटण दाबून धरलं, नीट धरलं, मनापासून धरलं, आणि माझी आठवड्याची मेहनत, युजरनेम, पासवर्ड, चॅनल, मुलाचं स्वतःचं दहाचं बंधन, सगळं गेलं. दहाचं बंधन गेलं म्हणून मला अजूनही संशय आहे की ते चुकून नव्हतं. असलं बटण टाचणीनं दाबायच्या भोकातच असायला पाहिजे. म्हणून एक स्टार कापला. आता बटणावर काळी इन्सुलेशन टेप आहे, डब्ल्यूपीएस सेटिंगमधूनच बंद केलंय, तसंही सुरक्षेच्या दृष्टीनं ते बंदच बरं, आणि सिस्टिममध्ये जाऊन बॅकअपची फाईल लॅपटॉपवर उतरवून ठेवलीय. परत झालं तर फाईल चढवायची, पाच मिनिटांचं काम. हे मला आधी सुचलं नाही याचा राग आहेच.

दिरांचं एक राहिलं. ते मुंबईत असतात, त्यांना घरचा कॅमेरा तिकडून बघायचा होता, मी पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आत यायला राउटरमध्ये वाट, करून दोन रात्री घालवल्या, बाहेरून काही उघडेना. राउटरच्या पानावर वॅनचा म्हणजे बाहेरच्या बाजूचा आयपी बघितला तर १०० नं सुरू आणि पुढं ७२. १००.६४ ते १००.१२७ मधला आयपी असेल तर तो इंटरनेटवाल्यानं बऱ्याच गिऱ्हाइकांना मिळून एक बाहेरचा पत्ता दिलाय असं समजा, तुमच्या राउटरमध्ये काहीही करा, बाहेरून दार उघडणार नाही. स्टॅटिक आयपीला जादा पैसे मागत होते. त्यापेक्षा कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरवरचा क्यूआर कोड ॲपमध्ये स्कॅन केला, काम झालं, फॉरवर्डिंग काढून टाकलं.

बाकी ॲप ठीक आहे पण अर्धी सेटिंग त्यात नाहीतच, ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकूनच आत जा. गेस्ट नेटवर्क उत्तम, गणपतीत पंचवीस पाहुण्यांना तेच दिलं, घरचा पासवर्ड कुणाला सांगावा लागला नाही. फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर अपडेट करताना डब्याखालच्या स्टिकरवरचं हार्डवेअर व्हर्जन बघूनच फाईल घ्या, मॉडेल तेच असलं तरी व्हर्जन वेगळं असेल तर डबा कायमचा झोपू शकतो. आणि भिंतीला ठोकायच्या आधी त्या स्टिकरचा एक फोटो काढून ठेवा, वॉरंटीला लागणारा सिरियल नंबर तिथंच असतो. मी काढला नव्हता, रजिस्टर करताना स्टुलावर चढून परत सगळं उतरवलं, आणि परत लावताना एक स्क्रू हरवला तो अजून सापडलेला नाही.